वरातीतल्या ट्रंपेटचा विस्मृत धनी : चिक चॉकलेट

लग्नसराई सुरू झाली, की बारामतीच्या भिगवण रस्त्यावरील मंगल कार्यालयांसमोर आणि इंदापूरच्या बाजारपेठेत संध्याकाळच्या सुमारास वरातींची वर्दळ वाढते. डीजेच्या भिंतींनी अलीकडे बँडपथकांची जागा बरीच व्यापली असली, तरी हौशी यजमान अजूनही बँड सांगतात. झगमगीत गणवेशातील वादक, पितळी वाद्यांवर चमकणारे दिवे, पुढे नाचणारी तरुण मंडळी असा तो थाट असतो. नव्या गाण्यांच्या फर्माइशी संपत आल्या, की घरातील एखादे ज्येष्ठ पुढे होऊन जुन्या गाण्याची आठवण करून देतात. मग ट्रंपेटवाला गाल फुगवून 'शोला जो भडके'ची चाल उचलतो. सत्तरी ओलांडलेले काका दोन्ही हात अर्धवट उचलून, गुडघ्यात किंचित वाकून, भगवानदादांच्या लकबीत डोलू लागतात आणि वरातीत हशा-टाळ्यांची लाट उसळते.

हे गाणे १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटातले. गायले लता मंगेशकर आणि चितळकर यांनी, संगीत सी. रामचंद्र यांचे, पडद्यावर नाचले भगवान आणि गीता बाली. एवढा तपशील कोणताही जुना सिनेरसिक सहज सांगेल. मात्र सी. रामचंद्र यांच्या त्या काळातील नाचऱ्या गाण्यांमध्ये ट्रंपेटचा जो रंग मिसळला, तो कोणाच्या श्वासातून आला, असे विचारले तर भले भले रसिक थबकतात. ज्यांच्या सुरावटी गावोगावच्या वरातींपर्यंत पोहोचल्या, त्यांचे नाव मात्र मुंबईच्या वेशीबाहेर फारसे पोहोचलेच नाही. ते नाव होते अंतोनियो झेवियर वाझ. रंगमंचावर आणि ध्वनिमुद्रिकांवर त्यांना सारे ओळखत ते चिक चॉकलेट म्हणून.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ११ वादकांच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व करणारे, भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून गौरवले गेलेले, हिंदी चित्रपटांत सी. रामचंद्र यांचे सहकारी म्हणून वावरलेले आणि काही चित्रपटांना स्वतंत्रपणे संगीत दिलेले हे कलावंत. वाद्य एकच, पण त्यावर त्यांनी केलेली कामे नाना प्रकारची. त्यांचे आयुष्य उणेपुरे पन्नास वर्षांचे होते. तेवढ्या काळात त्यांनी जे केले, त्याचा हा मागोवा.

हळदोण्यातून मुंबईकडे

चिक चॉकलेट यांचा जन्म १९१६ मध्ये गोव्याच्या बार्देस तालुक्यातील हळदोणे गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता होती. या सत्तेने गोव्याला उद्योग दिले नाहीत, नोकऱ्या दिल्या नाहीत. परंतु तेथील ख्रिस्ती खेड्यांत चर्चला जोडलेल्या शाळांची परंपरा रुजली होती. या शाळांमध्ये धर्मशिक्षणाबरोबर संगीतही शिकवले जाई. गावच्या चर्चमधील संगीतशिक्षक मुलांकडून पाश्चात्य स्वरलेखन घोटून घेत, समूहगायन करून घेत आणि ज्याची बोटे चपळ त्याच्या हाती व्हायोलिन किंवा एखादे फुंकवाद्य देत. पुढे भारतीय चित्रपटसंगीताचा पाया भरणारे कितीतरी वादक या साध्या शाळांतूनच घडले.

मुलाने मेकॅनिक व्हावे, चार पैसे नियमित मिळवावेत, अशी चिक यांच्या आईची इच्छा होती. ती चुकीची होती असे म्हणता येणार नाही. वाजवण्यावर संसार चालत नाही, हा त्या काळातील गरीब घरांचा अनुभव होता. पण मुलाचे मन यंत्रात रमले नाही. त्याला वाजवायचे होते.

गोव्यात वाजवून पोट भरणे अवघड होते. म्हणून गोमंतकीय वादक ब्रिटिश हिंदुस्थानाकडे वळत. संस्थानिकांच्या दरबारी बँडपथकांत, लष्करी बँडमध्ये, मूकपटांच्या पडद्यासमोरील वाद्यवृंदात आणि मोठ्या हॉटेलांत त्यांना काम मिळे. मुंबईत धोबी तलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या एकेका गावाने चालवलेले कूड होते. गावाकडून आलेला तरुण तेथे पथारी टाकी, सामूहिक प्रार्थनेला बसे आणि दिवसा कामाच्या शोधात बाहेर पडे. कोकणातील चाकरमान्यांच्या गाळ्यांसारखीच ही व्यवस्था होती. खलाशी, आचारी आणि वादक या कुडांतून मुंबईच्या पोटात शिरले. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझही याच लोंढ्यातले.

जॅझ आले समुद्रमार्गे

त्या काळात मुंबईच्या वरच्या वर्तुळात एका नव्या संगीताचे वेड पसरू लागले होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय समाजातून जन्मलेले जॅझ संगीत ध्वनिमुद्रिका आणि जहाजे यांच्यामार्फत जगभर पोहोचत होते. १९३५ मध्ये लिऑन अॅबी या अमेरिकी कृष्णवर्णीय वादकाचा चमू मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्यापाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे कलावंत आले. मायदेशात वर्णभेदाचे चटके सोसलेल्या या मंडळींना मुंबईत मान मिळाला. त्यांच्या शेजारी बसून वाजवताना गोमंतकीय वादकांना हे संगीत जवळून शिकता आले.

चर्चच्या शाळेत शिकलेल्यांना कागदावरचे स्वर वाचता येत होतेच. जॅझने त्यांना कागद सोडून वाजवायला शिकवले. मूळ चालीच्या आधाराने त्याच क्षणी नवी सुरावट रचायची, ही या संगीताची रीत आहे. आपल्याकडील बंदिशीचा मुखडा कायम ठेवून गायक जसा उपजेने पुढे जातो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे साथीला स्वरमेळ असतो आणि प्रत्येक वादकाला आपल्या पाळीची वाट पाहावी लागते.

चिक यांनी निवडलेले ट्रंपेट हे वाद्य दिसायला सोपे आणि वाजवायला कठीण. त्याला कळा अवघ्या तीन. एकाच कळेवर अनेक स्वर निघतात आणि त्यांतील नेमका हवा तो स्वर ओठांच्या कंपनाने आणि श्वासाच्या दाबाने शोधावा लागतो. ओठ थकले, की वादक संपला. व्हायोलिनचा एखादा सूर घसरला तर तो समूहात लपून जातो. ट्रंपेटची चूक मात्र सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. त्यामुळे ट्रंपेटवादकाला कसब हवे आणि धिटाईही हवी. चिक यांच्याकडे दोन्ही होते.

भारताचे आर्मस्ट्राँग

१९४० च्या दशकात चिक आणि त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव मुंबईत गाजू लागले. 'चिक अँड हिज म्युझिक मेकर्स' या नावाने त्यांनी ध्वनिमुद्रिका काढल्या. अपोलो बंदरावरील ग्रीन्स हॉटेलात त्यांनी वाजवले. ताजच्या शेजारचे हे हॉटेल पुढे पाडण्यात आले आणि आज त्या जागी ताजचा उंच मनोरा उभा आहे. ग्रीन्सपासून ताजच्या नृत्यगृहापर्यंतचे अंतर काही पावलांचे; पण वादकाच्या दृष्टीने ती मोठी बढती होती. ताजमधील ११ जणांच्या वाद्यवृंदाचे नायक म्हणून चिक यांनी ती मिळवली.

लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत. १९०१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्तीत जन्मलेल्या आणि सुधारगृहाच्या बँडमध्ये वाद्य हाती लागलेल्या आर्मस्ट्राँग यांनी जॅझमधील एकल वादनाला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. त्यांचा घोगरा आवाज, हातातील पांढरा रुमाल, घामेजल्या चेहऱ्यावरचे रुंद हसू हे सारे जगभर प्रसिद्ध होते. चिक यांनी वादनाबरोबर ही ढबही आत्मसात केली. तसाच रुमाल, तसाच खर्जातला आवाज. चॉकलेट हे रंगमंचीय नावही त्या थाटाला साजेसे. मुंबईकरांनी त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हटले, ते यामुळेच.

अशा उपाधीत कौतुक असते, तसा एक धोकाही असतो. दुसऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा कलावंत नक्कलकार ठरण्याची भीती असते. चिक त्या चौकटीत अडकले नाहीत, याचे कारण त्यांच्या पोटापाण्याच्या व्यवसायात दडलेले होते. हॉटेलातील वाद्यवृंदाला केवळ जॅझ वाजवून चालत नसे. नाचायला आलेल्या जोडप्यांना फॉक्सट्रॉट हवा असे, वॉल्ट्झ हवा असे, दक्षिण अमेरिकेकडचा रुंबा आणि सांबा हवा असे. एका रात्रीत या साऱ्यांची तयारी ठेवावी लागे. अष्टपैलूपण ही त्यांची हौस असेलही, पण त्याआधी ती त्यांच्या नोकरीची अट होती. त्या अटीतूनच पुढचा मार्ग निघाला.

दारूबंदी आणि चित्रपटाचे दार

स्वातंत्र्यानंतर मुंबईचे रात्रजीवन बदलले. नृत्यगृहांचे मोठे गिऱ्हाईक असलेले इंग्रज अधिकारी आणि सैनिक मायदेशी परतले. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी लागू झाली. मद्याच्या विक्रीवर ज्या हॉटेलांचा हिशेब चालत होता, त्यांना वाद्यवृंदाचा खर्च जड वाटू लागला. जॅझ संपले नाही. चर्चगेट स्ट्रीटवरील, म्हणजे आजच्या वीर नरिमन रस्त्यावरील उपाहारगृहांत ते पुढेही बरीच वर्षे वाजत राहिले. मात्र केवळ त्यावर विसंबून राहणे वादकांना परवडेनासे झाले.

नेमक्या याच काळात हिंदी चित्रपटसंगीत मोठे होत होते. पेटी, तबला, सारंगी आणि दोन-चार व्हायोलिन एवढ्यावर भागवणारे संगीतकार आता भरघोस वाद्यमेळ मागू लागले. येथे एक व्यावहारिक अडचण होती. बहुतेक संगीतकार चाल पेटीवर बांधत आणि गाऊन दाखवत. तीस-चाळीस वादकांनी एकाच वेळी वेगवेगळे सूर वाजवायचे, तर प्रत्येकाच्या समोर लिहिलेला कागद हवा. ती लिपी गोमंतकीय वादकांना बालपणापासून अवगत होती. त्यामुळे संगीतकार चाल गाऊन दाखवी, गोमंतकीय सहायक ती पाश्चात्य स्वरलिपीत उतरवी, मधल्या जागा कोणत्या वाद्यांनी भरायच्या ते ठरवी आणि प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद तयार होई. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशी अनेक नावे या परंपरेत येतात. ध्वनिमुद्रणाला गायक आणि सारे वादक एकत्र असत. एकाचा सूर चुकला, की सर्वांनी पहिल्यापासून सुरुवात करायची. दिवसा स्टुडिओत अशी कसोटी द्यायची आणि रात्री कोट चढवून हॉटेलात उभे राहायचे, हा अनेक गोमंतकीय वादकांचा दिनक्रम झाला.

पुणतांब्याचे अण्णा आणि हळदोण्याचे चिक

चिक यांची गाठ पडली ती सी. रामचंद्र यांच्याशी. रामचंद्र नरहर चितळकर हे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे, जन्म १९१८ चा. म्हणजे दोघांच्या वयात दोनच वर्षांचे अंतर. चित्रपटसृष्टीत ते अण्णा म्हणून ओळखले जात. त्यांनी शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेली होती आणि मराठी मातीतील लयींची त्यांना उत्तम जाण होती. त्याच वेळी पाश्चात्य तालांचे त्यांना विलक्षण आकर्षण होते. १९४७ च्या 'शहनाई' चित्रपटातील त्यांच्या खट्याळ गाण्याने हा कल लोकांसमोर आणला होता. नाकाने मुरका मारणाऱ्या काही समीक्षकांना तो आवडला नाही. लोकांना मात्र तो बेहद्द आवडला.

अण्णांच्या कानांत चाली होत्या. त्यांना रुंबा, सांबा आणि स्विंग या लयींचा अस्सल पोत देणारे हात हवे होते. ताजच्या नृत्यगृहात रोज रात्री तेच वाजवणारे चिक त्यांना मिळाले. १९५० च्या 'समाधी' चित्रपटातील 'गोरे गोरे' हे गाणे एका लॅटिन अमेरिकी ढंगाच्या इंग्रजी गाण्यावर बेतलेले होते. लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी ते गायले. बाहेरून आलेली चाल इतकी आपलीशी झाली, की ती परकी आहे हे श्रोते विसरून गेले.

पुढच्याच वर्षी 'अलबेला' आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक होते भगवान आबाजी पालव, म्हणजेच भगवानदादा. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला, मारधाडीच्या चित्रपटांत रमलेला हा नट नायक म्हणून देखणा नव्हता, नर्तक म्हणून तयारीचा नव्हता. त्याच्या साध्यासोप्या पावलांना संगीताने उचलून धरले. 'शोला जो भडके'मध्ये बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचा मेळ होता. त्या काळच्या हिंदी गाण्यांत असा रंग नवाच होता. चिक या चित्रपटात केवळ ऐकू आले असे नव्हे, तर ते दिसलेही. 'दीवाना परवाना' या नृत्यगीतात झालरीच्या बाह्यांचे लॅटिन पद्धतीचे सदरे घातलेला त्यांचा वाद्यवृंद पडद्यावर झळकला. पडद्यामागच्या वादकाला पडद्यावर येण्याचे भाग्य त्या काळी क्वचितच लाभे.

१९५७ च्या 'आशा' चित्रपटातील 'ईना मीना डीका' हे अण्णांच्या याच वाटेवरचे पुढचे पाऊल. अर्थहीन शब्दांशी खेळत गाण्याची रीत जॅझमध्ये जुनी आहे. आर्मस्ट्राँग यांनी १९२६ मध्येच ती ध्वनिमुद्रिकेवर लोकप्रिय केली होती. या गाण्याच्या शब्दांचा उगम मुलांच्या खेळगाण्यात असल्याचे आणि अण्णांचे गोमंतकीय सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्दांची भर घातल्याचे सांगितले जाते. न्यू ऑर्लिन्सची रीत, मुंबईतील मुलांचा खेळ, गोव्याची बोली आणि पुणतांब्याच्या संगीतकाराची चाल असा हा संगम होता.

स्वतःच्या नावाने

सहायकाला कधी ना कधी स्वतःचे काही करावेसे वाटते. चिक यांनाही ती संधी मिळाली. १९५१ च्या 'नादान' चित्रपटाचे संगीत त्यांचे होते. देव आनंद आणि मधुबाला यांचा हा चित्रपट. त्यातील तलत महमूद यांनी गायलेले 'आ तेरी तस्वीर बना लूँ' हे गाणे तलतच्या चाहत्यांच्या संग्रहात आजही आवर्जून असते. गाणे संथ, हळुवार, गझलेच्या वळणाने जाणारे. ताजमध्ये रुमाल फडकावत ट्रंपेटचा तार स्वर लावणारा वादक आणि तलतच्या कंपित आवाजासाठी इतकी मृदू चाल बांधणारा संगीतकार एकच, हे कळल्यावर अनेकांना नवल वाटते.

त्याचे नवल वाटावे, यातच चिक यांच्या कारकिर्दीची अडचण आहे. १९५२ चा 'रंगीली', १९५६ चा 'कर भला' अशा चित्रपटांशी त्यांचे नाव संगीतकार म्हणून जोडले गेले. पण संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही. त्या दशकात नौशाद, शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, ओ. पी. नय्यर आणि स्वतः सी. रामचंद्र असे दिग्गज मैदानात होते. मोठ्या निर्मात्यांची साथ असल्याशिवाय त्यांच्या पंक्तीत बसणे सोपे नव्हते. शिवाय पाश्चात्य वाद्य वाजवणाऱ्याने पाश्चात्य चालच द्यावी, असा अलिखित संकेत होता. तलतचे ते गाणे त्या संकेताला छेद देणारे होते, पण एका गाण्याने संकेत मोडत नाहीत.

श्रेय कोणाचे?

येथे एक प्रश्न स्पष्टपणे विचारायला हवा. 'शोला जो भडके' कोणाचे? चाल सी. रामचंद्र यांची, याविषयी वाद नाही आणि तसा वाद उभा करणे त्यांच्यावर अन्यायाचे होईल. परंतु गाणे म्हणजे केवळ चाल नव्हे. मुखडा आणि अंतरा यांच्यामधील वाद्यांच्या जागा, तालाचा पोत, ट्रंपेटने घेतलेली एखादी तान या साऱ्यांनी गाण्याला चेहरा मिळतो. वरातीतला बँड शब्द वाजवू शकत नाही. तो चालीबरोबर या जागाही वाजवतो आणि पहिल्या दोन-तीन स्वरांतच लोक गाणे ओळखतात.

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र संगीतकाराचे नाव ठळक असे, फार तर सहायकाचे नाव बारीक अक्षरांत. वादकांना ध्वनिमुद्रणामागे ठरलेला मेहनताना मिळे आणि तेथे त्यांचा गाण्याशी असलेला संबंध संपे. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्यांची नावे नसत. गाणे पुढे कितीही वर्षे वाजले, तरी त्यातून वादकाच्या घरी काही येत नसे. यात कोण्या एका संगीतकाराचा दोष नव्हता. संपूर्ण व्यवसायाची घडीच तशी बसली होती. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव सर्वतोमुखी झाले, तेही त्यांच्या वाद्यवृंदरचनेमुळे नव्हे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये गुरूचे नाव गाण्यात गुंफले म्हणून. तेव्हा अमिताभ बच्चन यांच्या तोंडचे ते नाव खऱ्या माणसाचे आहे, हे किती प्रेक्षकांना माहीत होते?

चिक यांना असा कोणी शिष्य लाभला नाही. त्यांचे रंगमंचीय नाव इतके गमतीदार होते, की ऐकणाऱ्याला ते एखाद्या विनोदी नटाचे वाटावे.

ताजमधून तंबूपर्यंत

ताजच्या नृत्यगृहात शिरणे त्या काळी सामान्य मुंबईकरालाही शक्य नव्हते, मग बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याची काय कथा! तरीही तेथील संगीत येथपर्यंत आले. गावच्या जत्रेत तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजनी हिंदी चित्रपट खेडोपाडी नेले. आकाशवाणीने १९५२ च्या सुमारास चित्रपटगीतांना आखडता हात दाखवला, तेव्हा रेडिओ सिलोनवरील बिनाका गीतमालेने ती घराघरांत पोहोचवली. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. ग्रामोफोन, कर्णे आणि मग बँडपथके यांनी उरलेले काम केले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वेदनेतून आणि उल्हासातून जन्मलेली लय हळदोण्याच्या वादकाच्या श्वासातून, पुणतांब्याच्या संगीतकाराच्या चालीतून उसाच्या पट्ट्यातील लग्नघरापर्यंत आली. त्या लयीला इथल्या माणसाने पाश्चात्य म्हणून दूर ठेवले नाही. त्याने तिच्यावर फेटा उडवला.

बँडपथकांतील वादकांचे शिक्षणही थोडेफार चिक यांच्यासारखेच असते. वडील किंवा चुलते शिकवतात, कानाने ऐकून गाणे बसवायचे, लग्नसराईत रात्र-रात्र फुंकायचे आणि पावसाळ्यात दुसरे काम शोधायचे. वाद्याने घर चालेल का, हा हळदोण्याच्या आईला पडलेला प्रश्न या घरांतूनही विचारला जातो. डीजेच्या दणक्यात तो अधिकच टोकदार झाला आहे.

अखेर आणि नंतर

चिक चॉकलेट यांचे १९६७ मध्ये निधन झाले. वयाची एक्कावन्न वर्षेही त्यांना नीट पुरी करता आली नाहीत. तोवर काळ पालटू लागला होता. तरुणांच्या हाती इलेक्ट्रिक गिटार आली होती, बीट ग्रुपचे वारे वाहू लागले होते आणि मोठ्या नृत्यवृंदांचे दिवस सरत चालले होते. ज्यांना चिक यांनी देव मानले, ते आर्मस्ट्राँग त्यांच्यानंतर चार वर्षे जगले. १९७१ मध्ये ते गेले. मुंबईत जॅझ यात्रेचा उत्सव सुरू झाला तो १९७८ मध्ये. तो सोहळा पाहायला मुंबईच्या जॅझचा हा सर्वांत रुबाबदार चेहरा हयात नव्हता.

सी. रामचंद्र १९८२ मध्ये निवर्तले. भगवानदादा त्यांच्यानंतर वीस वर्षे जगले. एके काळी जुहूला बंगला आणि दिमतीला मोटारी बाळगणाऱ्या दादांचे अखेरचे दिवस दादरच्या चाळीत गेले. गणपती विसर्जनाच्या मिरवणुका त्यांच्या चाळीसमोर थांबत, बँडवाले 'अलबेला'ची गाणी वाजवत आणि म्हातारे दादा खाली येऊन चार पावले टाकत, असे सांगितले जाते. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये त्यांच्या जीवनावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट निघाला. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात मुंबईच्या जॅझचा इतिहास सविस्तर मांडला आणि चिक यांच्यासह अनेक विस्मृत वादकांना पुन्हा उजेडात आणले. मराठीत मात्र या वादकांवर अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही. सी. रामचंद्र यांच्यावर आपण भरभरून प्रेम केले, ते योग्यच झाले. त्यांच्या वाद्यवृंदात खुर्चीवर बसलेल्यांची नावे लिहून ठेवण्याचे काम तेवढे राहून गेले.

येत्या लग्नसराईत बारामतीत किंवा इंदापुरात एखादी वरात अडवेल. वाहतूक खोळंबेल, मागचे गाडीवाले भोंगे वाजवतील. त्या गोंगाटात 'शोला जो भडके'चे सूर कानी आले, तर घटकाभर थांबावे. नाचणाऱ्यांना भगवानदादा आठवतीलच. ऐकणाऱ्यांनी ट्रंपेटवाल्याला त्याचे नाव विचारावे आणि हळदोण्याच्या अंतोनियो झेवियर वाझ यांचे नाव त्याला सांगावे.